मोटारीचा कांटा आणि नगरचें ऊन

ताशीं किती मैल वेगानें आपण चाललों आहों हें बैलगाडीच्या प्रवाशास कधीं विचारावें लागलें नाहीं. मोटार आली आणि हा प्रश्न थेट कायद्याचा झाला. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें ताशीं २० मैलांची मर्यादा ठरविली. पोलिसाच्या हातीं सेकंद मोजणारें घड्याळ, तर मोटारवाल्याजवळ केवळ अदमास! त्याला आधार देणारें यंत्र नुकतेंच जन्मास आलें होतें. स्ट्रासबुर्ग येथील ऑटो शुल्झे यानें १९०२ सालीं चुंबकीय वेगमापकाचें पेटंट घेतलें, आणि पुढें जगांतील बहुतेक मोटारींत त्याच तत्त्वाचें यंत्र बसलें.

त्याची रचना साधी आहे. चाकांच्या गतीबरोबर एक लवचीक तार फिरते व तिच्या टोकाचा चुंबक फिरवते. चुंबकाला स्पर्श न करणारी अॅल्युमिनियमची पातळ वाटी त्याच्याभोंवतीं असते. चुंबक फिरूं लागला कीं वाटींत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात व ती त्याच्यामागें ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला अडवून धरते. ओढ आणि अडवणूक जेथें सारखीं होतात तेथें कांटा थांबतो.

परंतु धातु तापला म्हणजे त्यांतून वीज कमी वाहते. अॅल्युमिनियमचा विरोध दर सेंटिग्रेड अंशामागें सुमारें ०.४ टक्का वाढतो. अहमदनगरांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरांत, पौषांतल्या पहांटे १० अंशांच्या आसपास असणारा पारा वैशाखांत दुपारीं चाळिशीला भिडतो. त्या पहांटे बरोबर लावलेलें व उष्णतेचा बंदोबस्त नसलेलें यंत्र त्या दुपारीं खऱ्या ३० मैलांना सुमारें २७ च दाखवील. चूक झाली ती झाली, पण तीही चालकाला दंडाच्या खाईंत लोटणाऱ्या बाजूची!

ती पकडावयाची कशी? सपाट रस्त्यावर कांटा ३० वर स्थिर ठेवून मैलाचे दगड घड्याळानें मोजावे. मैलास दोन मिनिटें लागलीं तर यंत्र खरें. वरील दुपारीं मात्र १०७ सेकंदांतच दुसरा दगड येईल. यांत एक फसगत आहे. टायर झिजलें कीं चाक लहान होतें, फेरे वाढतात व कांटा पुढें जातो. उन्हाची चूक आणि टायरची चूक एकमेकींना झांकून टाकतात. म्हणून खरी परीक्षा टेबलावरची. यंत्र उतरवून तापविलेल्या पेटींत ठेवावयाचें व तार ठराविक वेगानें फिरवावयाची. अमेरिकन पद्धतींत तार मैलाला १००० फेरे घेई. तेव्हां मिनिटास १००० फेरे दिले कीं कांटा ६० वर आलाच पाहिजे.

या दोषावरचा उपाय मोठा चतुर होता. चुंबकाच्या ध्रुवांवर लोखंड व निकेल यांच्या मिश्रधातूचा एक तुकडा आडवा बसविण्यांत येऊं लागला. थंडींत तो चुंबकाचें कांहीं बल स्वतःकडे वळवून घेतो. तापला कीं त्याची ही शक्ति ओसरते आणि तें बल वाटीकडे परत येतें. वाटी जितकी दुबळी होते तितकीच ओढ वाढते. वॉल्थॅम कंपनीनें चुंबक टाकून हवेच्या ओढीवर चालणारें यंत्र काढलें होतें. परंतु हवेचा चिकटपणा उष्णतेनें उलट वाढतो, म्हणजे तेथेंही ऊन होतेंच.

नगरला हा विषय परका नाहीं. तेथील रणगाडा संग्रहालयांत जुन्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीचें दर्शन घडतें. फाळणीनंतर रावळपिंडीजवळील चकलाला येथील लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था याच गांवीं आली. वाहनांचें संशोधन व चांचणी तेथें आजही चालते.

चूक कोणत्या बाजूस चालेल, याचें उत्तर हल्लींच्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकीं ३९ व्या नियमानें देऊन ठेविलें आहे. कांटा खऱ्या वेगाहून कमी कधींच दाखवूं नये. जास्त दाखविल्यास ती वाढ खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्शांत ताशीं ४ किलोमीटर मिळवून येईल त्याहून अधिक नसावी. आणि ही परीक्षा घेतांना यंत्राचें तपमान १८ ते २८ अंशांच्या आंत असावें.