ऐप्टेशिया
प्रवाळांच्या घरगुती खाऱ्या टाकीत बहुधा खडकाबरोबर नकळत येणारे तपकिरी, अर्धपारदर्शक छोटे समुद्रपुष्प. ते उपटू नये. तळव्याचा खडकाला चिकटून राहिलेला कणभर तुकडाही नवा जीव होतो, आणि सरकतानाही ते असे तुकडे मागे टाकते. चिमटा जवळ नेताच ते भोकात आक्रसते, त्यामुळे उपटणे म्हणजे निंदणी नव्हे, पेरणीच. बर्घिया ही समुद्री गोगलगाय ऐप्टेशियावरच जगते, पण भक्ष्य संपले की बिचारी उपाशी मरते. दंशाने शेजारची प्रवाळे होरपळवणारा ऐप्टेशिया हा जीव पाळावाच कशाला, हा आक्षेप रास्त आहे; मात्र पेशींत शैवाल बाळगून भराभर वाढतो म्हणूनच प्रवाळांच्या सहजीवनाचे अभ्यासक तो प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. घरी हौस असल्यास टाकी वेगळी हवी, पाणीही सामाईक नको.