जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी टायर निवडताना

मोटारीमागे जोडून ओढत नेल्या जाणाऱ्या फिरत्या घराला उत्तर अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. वीस-तीस वर्षे वापरलेल्या ट्रेलरची खरेदी-विक्री तेथे नित्याची आहे. 1931 मध्ये स्थापन झालेल्या एअरस्ट्रीम कंपनीचे त्याहूनही जुने ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात. असा ट्रेलर घेणारा छताची गळती, गॅसची शेगडी, लाकडाची कूज बारकाईने पाहतो. टायरच्या खाचा खोल दिसल्या, की मात्र तो निश्चिंत होतो. फसगत होते ती येथेच.

वर्षातून काही आठवडेच चालणाऱ्या ट्रेलरचा टायर झिजण्याआधी जीर्ण होतो. महिनोन्महिने एकाच जागी भार सोसत, ऊन खात उभे राहिल्याने रबर कडक होते आणि आतील थरांची पकड सुटू लागते. असा टायर वेगात फुटला, तर त्याच्या फटकाऱ्याने चाकावरील पत्रा, विजेच्या तारा आणि प्रसंगी गॅसची नळीही उखडते. म्हणून प्रथम वय पाहावे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘2319’ म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. तीनच अंक असतील, तर टायर 2000 पूर्वीचा आहे आणि पुढील तपासणीची गरजच नाही. पूर्ण क्रमांक अनेकदा एकाच बाजूला असतो. तो आतल्या बाजूला असेल, तर ट्रेलरखाली वाकून पाहावे लागते. पाच-सहा वर्षे झालेला टायर खाचा कितीही खोल असल्या तरी बदलावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. नवा टायर घेतानाही हे अंक दुकानातच वाचावेत.

त्यानंतर प्रश्न भाराचा. ‘एसटी205/75आर15’ या खुणेतील ‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठी बनविलेला टायर. 205 ही मिलिमीटरमधील रुंदी, 75 हे रुंदीच्या तुलनेत उंचीचे टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास. याच मापाचा ‘सी’ श्रेणीचा टायर 50 पीएसआय दाबाला सुमारे 825 किलो, तर ‘डी’ श्रेणीचा 65 पीएसआयला सुमारे 975 किलो भार पेलतो. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला ‘सी’ श्रेणीचे चार टायर असतील, तर कागदावर 3,300 किलोंची क्षमता दिसते. प्रत्यक्षात भार चारही चाकांवर सारखा पडत नाही. स्वयंपाकघर, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असली, की तिकडची चाके अधिक दबतात. त्यामुळे पाणी व सामान भरून, शक्य असल्यास प्रत्येक चाकाचे वेगळे वजन करावे आणि सर्वाधिक दबलेल्या चाकाच्या भारापेक्षा दहा ते वीस टक्के अधिक क्षमतेचा टायर निवडावा.

वरची श्रेणी घेतली की काम झाले, हा समजही तपासून घ्यावा. वाढीव क्षमता मिळते ती वाढीव दाबामुळे. ‘डी’ श्रेणीच्या टायरमध्ये जुन्या सवयीने 50 पीएसआयच हवा भरली, तर तो जवळपास ‘सी’ इतकाच भार उचलतो. शिवाय रिम तो दाब सोसणारी हवी. तिची मर्यादा बहुधा मागील बाजूस कोरलेली असते. नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच चालतात, त्यापुढे धातूचे लागतात. टायर बळकट झाला तरी ॲक्सल आणि पाटे जुनेच राहतात, हेही विसरू नये. 205 ऐवजी 225 रुंदीचा टायर बसविल्यास व्यास सुमारे 30 मिलिमीटरने वाढतो. दोन चाकांमधील आणि वरच्या पत्र्यापर्यंतची मोकळी जागा आधी मोजलेली बरी.

मोटारीचा टायर स्वस्त पडतो, पण ट्रेलरवर त्याची क्षमता 1.1 ने भागून धरावी लागते. दोन ॲक्सलचा ट्रेलर जागेवर वळताना टायर आडवे घासले जातात. एसटी टायरच्या कडक बाजू त्यासाठीच असतात. वेगाची वेगळी खूण नसलेल्या एसटी टायरसाठी ताशी 105 किलोमीटर ही मर्यादा मानली जाते. ओढणारी मोटार त्याहून सहज पळते, हीच अडचण.

फार जुन्या ट्रेलरवर ‘आर’ऐवजी ‘डी’ अक्षराचे, म्हणजे आपल्याकडे ज्यांना नायलॉन टायर म्हणतात तसे टायर आढळतात. एकाच ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन एकत्र बसवू नयेत. चारही बदलणे उत्तम.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून हा विषय आपल्याकडेही अगदीच परका राहिलेला नाही. भारतीय टायरवरही आठवडा-वर्षाचे चार अंक असतात.

नवे टायर बसविल्यावर 80 ते 150 किलोमीटरच्या प्रवासानंतर नट पुन्हा आवळावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. आणि स्टेपनीची तारीखही पाहावी. पुष्कळदा ती ट्रेलरइतकीच जुनी निघते.