रनपारचा धक्का आणि घरचे रेझीन

एखादी कंपनी आजवर विकत घेतलेला महत्त्वाचा घटक स्वतः तयार करू लागली, की त्या घटनेस स्वावलंबन म्हणण्याचा प्रघात आहे. रत्नागिरीचे उदाहरण पाहता हे नाव काहीसे उतावीळपणे दिले जाते, असे म्हणावे लागते.

फिनोलेक्स इंडस्ट्रीज ही पुण्याची कंपनी १९८१ साली स्थापन झाली. पी. व्ही. सी. पाइपांसाठी लागणारे रेझीन तिला प्रारंभी बाहेरून घ्यावे लागे. आणि पाइपाच्या किमतीचा मोठा भाग म्हणजे रेझीनच. १९९४ साली प्रल्हाद छाब्रिया यांच्या या कंपनीने रत्नागिरीजवळ रनपार येथे स्वतःचा रेझीन-कारखाना चालू केला. तंत्र जर्मनीतील ऊडे कंपनीचे होते.

कंपनीचे ठाणे पुण्यास असता कारखाना कोकणात का, याचे उत्तर समुद्रात सापडते. रेझिनासाठी लागणारे एथिलीन, एथिलीन डायक्लोराइड आणि व्हिनाइल क्लोराइड हे पदार्थ जहाजाने आणावयाचे होते. त्यांपैकी एथिलीन सामान्य दाबाखाली उणे १०४ अंश सेल्सिअसला उकळते. ते द्रवरूपात उतरवून घ्यावयाचे तर अतिशीत मालासाठी खास बांधलेला धक्का हवा. असा धक्का खुल्या समुद्रात उभारण्यात आला. रेझीन विकणाऱ्यावरील अवलंबन अशा रीतीने कमी झाले खरे. परंतु जहाज आणि परदेशी बाजारातील भाव यांच्याशी कंपनीची गाठ पडली. अवलंबन एक पायरी मागे सरकले, इतकेच.

याहून सर्वस्वी निराळ्या, मोबाइलच्या व्यवसायातही हेच घडलेले दिसते. ॲपल कंपनीच्या फोनांतील चित्रदर्शनाच्या चिपची रचना पूर्वी ब्रिटनच्या इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या परवान्यावर आधारलेली असे. एप्रिल २०१७ मध्ये हा आधार सोडण्याचा ॲपलचा मानस जाहीर होताच इमॅजिनेशनच्या समभागांचे मूल्य एका दिवसात निम्म्याहून खाली आले. त्याच वर्षी ॲपलची स्वतःची रचना ए-११ चिपमध्ये अवतरली. तथापि ती चिप प्रत्यक्ष घडली तैवानच्या टी. एस. एम. सी. कारखान्यात, आणि जानेवारी २०२० मध्ये ॲपलने इमॅजिनेशनशी पुन्हा परवान्याचा करार केला.

रनपारच्या रेझिनाचा बराच भाग प्रारंभी इतर पाइप-कारखानदारांस विकला जाई. पुढे त्याचा वाढता हिस्सा कंपनीच्याच पाइपांत जाऊ लागला. एथिलीन मात्र धक्क्यावरच उतरत राहिले.