विधवेचं नाव सापडतं, त्या पुरुषाचं सापडत नाही

संशोधनाच्या पहिल्या आराखड्यात मी एक वाक्य मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: 'एकोणिसाव्या शतकातील एक रंगेल पुरुष आणि एक विधवा यांची अल्पकालीन प्रेमकथा.' सरांनी 'प्रेमकथा' या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हे प्रेम होतं असं तुला कोणी सांगितलं? तिनं की त्यानं?" मला उत्तर देता आलं नाही. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्यांसाठी आज त्या एका शब्दाबद्दलच लिहितोय.

आमचं गाव दुसरबीड, तालुका सिंदखेड राजा. आमच्याकडं इतिहास म्हटलं की लखुजीराव जाधव आणि जिजाऊ. आमच्याच जिल्ह्याच्या गावी, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे राहत होत्या, हे मला एम.ए.ला गेल्यावर कळलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८२ साली ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून निघालं.

ते लिहिण्यामागं एक खटला होता. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा आरोप सिद्ध झाला. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. अपिलानंतर फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती एकूण बायकांच्या नीतीची. ताराबाईंना चीड आली ती याचीच.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. ४ डिसेंबर १८८४ च्या पत्रात जोतीराव फुले काशीबाई या विधवेची हकिकत सांगतात. ती त्यांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका धूर्त शास्त्र्यानं तिला नादी लावलं. आधी तिनं दाद दिली नाही, पण शेवटी ती फसली. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिनं गर्भ पाडायची औषधं घेतली, ती लागू पडली नाहीत. मूल झालं, तिनं ते मारलं आणि तिला जन्मठेप काळं पाणी झालं. यावरूनच आपण बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, असं फुले लिहितात.

या पत्रात काशीबाईचं नाव आहे. शास्त्री मात्र नुसता 'शास्त्री' आहे.

असं का होतं? 'पुरुषप्रधान समाज' एवढं उत्तर लिहून थांबू नका, कायदा उघडा. १८६० च्या दंडसंहितेत व्यभिचाराचं कलम ४९७ होतं. त्यानुसार गुन्हा घडायचा तो दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवल्यावर, तोही तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय. म्हणजे कायदा जपत होता नवऱ्याचा हक्क. विधवेला नवराच नाही, मग या कलमाखाली गुन्हाही नाही! तिला सोडून जाणं हाही गुन्हा नव्हता. गर्भपाताला चिथावणी दिली हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करणार कोण? गरोदरपण तिच्या अंगावर दिसायचं. गुन्हा नाही म्हणून खटला नाही, खटला नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून आपल्या इतिहासातही तो नाही. दफ्तरातलं मौनसुद्धा असं कोणीतरी घडवलेलं असतं.

'मग लग्न का नाही केलं?' असं कोणीही विचारेल. १८५६ च्या कायद्यानं विधवाविवाहाला मान्यता होती. पण त्याच कायद्यानं पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जात होता. शिवाय जातीचा बहिष्कार होताच.

ताराबाईंचं मोठेपण इथं आहे. जो पुरुष कोर्टाच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिला नाही, त्याला त्यांनी पुस्तकात उभं केलं: भुलवणारा कोण, पळून जाणारा कोण, आणि दोष बाईच्याच माथी का? 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या कादंबऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही. टीका झाली तेव्हा फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. नंतर हे पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं.

तरी सावध राहा. ताराबाई म्हणजे विजयालक्ष्मी नव्हेत आणि फुले म्हणजे काशीबाई नव्हेत. दोघांनी या बायकांची बाजू घेतली, पण शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. काशीबाईला तो माणूस आवडला होता की ती नुसती फसली, हे तिच्या तोंडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. 'प्रेम' म्हटलं तर त्याचा दोष पुसला जातो. 'फसवणूक' म्हटलं तर तिला स्वतःचं मन होतं हेच आपण विसरतो.

म्हणून माझ्या आराखड्यात आता 'प्रेमकथा' नाही, 'संबंध' आहे. शब्द कोरडा आहे, पण हातातल्या कागदांवरून मला तेवढंच म्हणता येतं. तुमच्या आराखड्यातला असा आवडता शब्द शोधा आणि तो कुठल्या कागदावर उभा आहे, ते आधी बघा.