गुणवत्तेचं ताट

रग्बी हा काही आपल्या घरातला खेळ नव्हे. क्रिकेटचा सामना असला की आपण पोळ्या लाटता लाटता बाहेर डोकावून स्कोअर विचारतो. पण रग्बीचा तो लंबगोल चेंडू आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हातातही धरला नसेल. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा धिप्पाड गडी, चेंडू काखेत धरून पळायचं, अंगावर येणाऱ्याला धडक द्यायची आणि हाताने चेंडू द्यायचा तो मागच्यालाच, पुढच्याला नाही. एवढं कळलं तरी पुरे. मला सांगायचं आहे ते खेळापेक्षा संघ निवडण्याबद्दल. दक्षिण आफ्रिकेत या एका गोष्टीवरून इतकी वर्षं भांडण चाललं आहे, की ते वाचताना आपल्याकडचा बारावीचा निकाल आठवतो. निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो: आरक्षण की गुणवत्ता?

सुरुवातीलाच एक समज बाजूला ठेवूया. दक्षिण आफ्रिकेत रग्बी गोऱ्यांचा खेळ आणि फुटबॉल काळ्यांचा, असं सर्रास म्हटलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. ईस्टर्न केप भागातल्या मिशनरी शाळांत कृष्णवर्णीय मुलं एकोणिसाव्या शतकातच रग्बी खेळत होती. केपटाऊनमधल्या मिश्रवंशीय लोकांनी, ज्यांना तिथे ‘कलर्ड’ म्हणतात, 1886 मध्ये आपली रग्बी संघटना उभी केली. गोऱ्यांचं देशव्यापी रग्बी मंडळ निघालं 1889 मध्ये. म्हणजे खेळाची हौस दोन्हीकडे सारखीच जुनी. फक्त मैदानं वेगळी, मंडळं वेगळी, आणि देशाचं नाव छातीवर लावण्याचा हक्क एकाच मंडळाकडे.

देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय कसोटी सामना झाला 1891 मध्ये. देशाच्या संघाला पुढे ‘स्प्रिंगबॉक’ हे नाव पडलं. तो तिथल्या एका हरणाचा प्रकार. या संघातून कसोटी खेळलेला पहिला गौरेतर खेळाडू म्हणजे एरल टोबायस, आणि साल 1981. मधली नव्वद वर्षं मोजा. पंधरापैकी पंधरा जागा एकाच रंगाच्या लोकांना. याला तेव्हा कुणी कोटा म्हणत नव्हतं. संघ उत्तम निवडला आहे, असंच म्हणत होते. शंभर टक्के आरक्षण असलं की ते आरक्षण म्हणून दिसतच नाही, ही यातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट.

1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि जे रूढीने चालत होतं त्याचे कायदे झाले. माणसाची जन्मताच वंशानुसार नोंद, राहण्याच्या वस्त्या वेगळ्या, आणि 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने शाळाही वेगळ्या. ही शिवाशिव पाहुण्यांनाही लागू होती. न्यूझीलंडच्या संघात माओरी खेळाडू असायचे. पण दक्षिण आफ्रिकेला जायचं म्हटलं की त्यांना घरी ठेवलं जाई. 1928, 1949 आणि 1960 चे दौरे तसेच झाले. 1960 मध्ये न्यूझीलंडमध्येच लोक रस्त्यावर उतरले, माओरी नाहीत तर दौराही नको म्हणाले. तरी संघ गेला. 1967 चा दौरा मात्र याच कारणाने रद्द झाला. शेवटी 1970 मध्ये माओरी खेळाडू गेले, पण कसे? ‘मानद गोरे’ म्हणून! माणसाला पाहुणा म्हणून बोलवायचं आणि दारात त्याची कातडी बदलून घ्यायची, असाच हा प्रकार.

त्या काळात गौरेतर प्रेक्षकांना मैदानाच्या एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. तिथे बसून ते पाहुण्या संघाच्या नावाने ओरडत. स्वतःच्या देशाचा संघ हरावा असं वाटणं, ही किती मोठी हद्दपारी आहे, याचा विचार करा.

पुढे जगाने दारं लावून घ्यायला सुरुवात केली. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. 1974 मध्ये भारत डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम फेरीत पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही. चषक हातातून गेला, पण त्याची लाज कुणाला वाटली नाही. 1976 मध्ये न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेला गेला, म्हणून बहुतेक आफ्रिकी देशांनी मॉन्ट्रिअल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. आणि 1981 मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला गेले तेव्हा तो देश उभा दुभंगला. 25 जुलैला हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. 12 सप्टेंबरला ऑकलंडला शेवटच्या कसोटीत एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालत पिठाच्या पुड्या टाकत होतं. पीठ! आपल्या डब्यातली वस्तू, पण तीसुद्धा निषेधाला उपयोगी पडते.

आता टोबायसकडे वळूया. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्याला पहिली कसोटी मिळाली. त्याला दोन्हीकडून बोल लावले गेले. काही गोरे म्हणाले, जगाला दाखवायला घेतलाय. वर्णभेदाविरुद्ध लढणारे म्हणाले, सरकारच्या हातचं बाहुलं झालास. तो सहा कसोटी खेळला आणि त्या सहाही दक्षिण आफ्रिकेने जिंकल्या. एवढ्यावरही प्रश्न विचारला गेला तो त्यालाच. बाकी चौदा जण कसे आले, हे कुणी विचारलं नाही.

1992 मध्ये काळ्या-गोऱ्यांची मंडळं एक झाली आणि 1995 मध्ये रग्बीचा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेतच भरला. 24 जूनला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडविरुद्ध 15-12 असा विजय, आणि कर्णधार फ्रान्स्वा पीनारचा सहा नंबरचा स्प्रिंगबॉक जर्सी घालून आलेले राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला. हे चित्र आपणही पाहिलेलं असतं. ज्या हरणाच्या चिन्हाचा काळ्या लोकांना तिटकारा होता, ते मंडेलांनी अंगावर चढवलं. पण या संघात गौरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. उपांत्यपूर्व सामन्यात पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. ट्राय म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवणं, या खेळातली सर्वांत मोलाची कमाई. नव्या देशाचा चेहरा म्हणून त्याचीच छबी झळकली. पुढे आपल्या चरित्रात त्याने सांगितलं, की संघातल्याच काहींकडून त्याला वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या. फोटोत पुढे आणि खोलीत एकटा.

मग आला कोटा. मंडेलांच्या विजयाने सगळं आपोआप बदलेल ही आशा फोल ठरली, तेव्हा 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून स्पर्धांत आणि संघांत किती गौरेतर खेळाडू असावेत याचे आकडे ठरू लागले. तरीही 2007 मध्ये दुसरा विश्वचषक जिंकला, त्या अंतिम सामन्याच्या पंधरांत गौरेतर दोनच होते, ब्रायन हबाना आणि जे. पी. पीटरसन. बारा वर्षांत एकाचे दोन. एप्रिल 2016 मध्ये क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी रग्बी, क्रिकेट, अ‍ॅथलेटिक्स आणि नेटबॉल या संघटनांना मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं यजमानपद मागायलाच काही काळ बंदी केली, कारण बदलाचा वेग फार कमी. रग्बीपुढे उद्दिष्ट होतं 2019 पर्यंत निम्मा संघ गौरेतर असण्याचं. आणि आज त्या देशात गोरे लोक शंभरात दहासुद्धा नाहीत.

कोट्याविरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणं आपण नीट ऐकायला हवं, कारण ते सगळंच मत्सरातून आलेलं नाही. एखाद्या गोऱ्या मुलाने पहाटे उठून दहा वर्षं सराव केला आणि ऐनवेळी आकड्यामुळे तो बाहेर बसला, तर त्याच्या आईला वर्णभेदाचा इतिहास सांगून तिचं समाधान होणार नाही. ते कायदे झाले तेव्हा तो मुलगा जन्मलाही नव्हता. आणि कोट्याची झळ ज्याला जागा मिळते त्यालाही लागतेच. चांगला खेळला तरी लोक म्हणणार, हा कोट्यातला. मे 2018 मध्ये माजी स्प्रिंगबॉक खेळाडू अ‍ॅश्विन विलेम्से दूरदर्शनवर सामन्याची चर्चा चालू असताना कॅमेऱ्यासमोरून उठून निघून गेला. कितीतरी वर्षं आपल्याला कोट्यातला खेळाडू म्हटलं गेलं, हे त्याने जाताना बोलून दाखवलं. शेजारी बसलेले दोघे माजी गोरे खेळाडू होते. चौकशीत त्यांचं वागणं वर्णद्वेषी नव्हतं असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष मानला तरी विलेम्सेच्या मनात साचलेलं खोटं ठरत नाही. 2003 मध्ये देशाकडून विश्वचषक खेळलेला माणूस 2018 मध्येही आपली लायकी सिद्धच करत बसला होता.

या घटनेनंतर तीन आठवड्यांनी, 9 जून 2018 ला, सिया कोलिसी कसोटीत स्प्रिंगबॉकचं नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. त्याची गोष्ट मात्र आपण बायकांनी जरा सावकाश वाचायला हवी.

कोलिसीचा जन्म 16 जून 1991 चा, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे नावाच्या गरीब वस्तीतला. दुसऱ्याच दिवशी त्या देशाच्या संसदेने जन्मतः वंश नोंदवण्याचा कायदा रद्द केला. आई-वडील कोवळ्या वयाचे, म्हणून पोराला वाढवलं आजीने. घरात दोन वेळचं अन्न असेलच असं नव्हतं. पोट भरायला कधी नुसतं साखरपाणी. वस्तीतल्या क्लबात तो रग्बी शिकला. एका निवड-सामन्याला त्याच्याकडे खेळायची चड्डी नव्हती, आतल्या बॉक्सरवरच तो मैदानात उतरला. बाराव्या वर्षी कुणाच्या तरी नजरेत भरला आणि ग्रे हायस्कूल या श्रीमंत शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे हिरवं मैदान होतं, प्रशिक्षक होते, आणि दिवसातून तीन वेळा भरलेलं ताट होतं.

कोट्याबद्दल हाच कोलिसी काय म्हणाला माहीत आहे? 2019 च्या सुरुवातीला एका जपानी वृत्तसंस्थेशी बोलताना तो म्हणाला, की केवळ रंगावरून आपली निवड झालेली आपल्याला आवडणार नाही, आणि मंडेलांनीही कोट्याला पाठिंबा दिला नसता. त्यावरून मायदेशी त्याच्यावर टीकेची झोड उठली. कोटा नको म्हणणाऱ्यांनी ते वाक्य उचलून धरलं. पण त्याच बोलण्यात पुढे तो असंही म्हणाला, की त्या शाळेत गेलो नसतो तर मला नीट खायला मिळालं नसतं, अंगाने वाढलो नसतो, इतर मुलांसारखी तयारी झाली नसती. बदल करायचा तर तो तिथून, मुळातून सुरू करा.

मला वाटतं, या भांडणातलं सर्वांत शहाणपणाचं बोलणं हेच. रग्बी हा शंभर-शंभर किलोच्या माणसांचा खेळ. ती हाडं आणि ते मांस निवड समितीच्या बैठकीत तयार होत नाही, ते दहा ते पंधरा वर्षं या वयात जेवणाच्या ताटात तयार होतं. दूध कुणाच्या पेल्यात, पायात बूट कुणाच्या, शाळेत गवताचं मैदान कुणाच्या आणि धुळीचं कुणाच्या, हे आधी ठरतं. गुणवत्ता त्यानंतर मोजली जाते. आपण घर चालवणाऱ्या बायकांना हे कुणी सांगायला नको. एकाच घरात ज्याला तूप-भात मिळाला आणि ज्याला उरलंसुरलं मिळालं, त्यांना एकाच उंबरठ्यावर उभं करून पळा म्हणायचं आणि जो पुढे जाईल तो गुणी, ही स्पर्धा झाली का? आणि घरातलं उरलंसुरलं पूर्वी कुणाच्या ताटात जायचं, तेही आपल्याला ठाऊक आहे.

2 नोव्हेंबर 2019 ला जपानमधल्या योकोहामात कोलिसीच्या संघाने इंग्लंडला 32-12 असं हरवून विश्वचषक उचलला. पंधरांत सहा गौरेतर होते. पन्नास टक्क्यांचं उद्दिष्ट काही गाठलं नव्हतं, पण सहाही जणांच्या जागेबद्दल कुणाला शंका घेता आली नाही. त्यांतला मकाझोले मापिम्पी तर कोणत्याही बड्या शाळेत गेला नव्हता. ईस्टर्न केपच्या खेड्यातल्या साध्या शाळेतून तो आला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेसाठी ट्राय करणारा तो पहिला खेळाडू. त्याआधीचे दोन अंतिम सामने नुसत्या किकच्या गुणांवर जिंकले होते. 2023 मध्ये कोलिसीच्याच नेतृत्वाखाली त्यांनी न्यूझीलंडला 12-11 असं हरवून चौथा विश्वचषक जिंकला. चार तोवर कुणाकडेच नव्हते.

या विजयाचं श्रेय दोन्ही बाजू आपल्याकडे ओढतात. कोटा होता म्हणून दार उघडलं, असं एक म्हणतो. सगळे गुणांवर आले, असं दुसरा म्हणतो. मला दोघांचंही अर्धं पटतं. आकड्यांचा दट्ट्या नसता तर निवडणाऱ्यांच्या नजरा झ्वीडेसारख्या वस्तीकडे वळल्याच नसत्या. नव्वद वर्षं वळल्या नव्हत्या, हा पुरावा पुरेसा आहे. पण नुसता शेवटच्या पायरीवर आकडा लावला, की खालच्या पायऱ्या बांधायचं काम टाळता येतं. कोलिसी एका शिष्यवृत्तीने वर आला. त्याच्या गल्लीतली बाकीची पोरं, तितक्याच वेगाने पळणारी, तिथेच राहिली. ती कोट्यातही मोजली गेली नाहीत आणि गुणवत्तेतही नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी आपल्यासमोर गुणवत्ता हा शब्द ठणकावून उच्चारला, तर भांडायची गरज नाही. दोन पोळ्या जास्त वाढाव्यात आणि एवढंच विचारावं, की हा गुण वाढला तेव्हा त्याच्या ताटात काय काय होतं, आणि दुसऱ्याच्या ताटात काय होतं?