पिल्लाची पहिली शिदोरी

पूर्वी रोहू-कटल्याचं बीज नदीच्या पुरातून गोळा करत. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि सहकाऱ्यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यातच बीज मिळवलं. १९७६ साली आपल्या पैठणला नाथसागर झाला, तेव्हा हे तंत्र देशाच्या हाती होतं.

पण इंजेक्शनने अंडी फक्त बाहेर येतात. त्यातला बलक भरतो तो मादीने पावसाळ्याआधी खाल्लेल्या अन्नातून. तो कमी पडला, तर पिल्लं थोडी निघतात, निघालेली टिकत नाहीत. नुसती पेंड-कोंडा पुरत नाही. मासळीची भुकटी, तेल, जीवनसत्त्वंही लागतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने त्यासाठीच ‘सिफाब्रूड’ हे खाद्य काढलं.

म्हणून शेततळ्यासाठी बीज घेताना आम्ही गटातल्या बाया भावाआधी विचारतो, मादीला खायला काय घातलं होतं?