गव्हर्नरची नात की टिलींची पोर?

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे बॉस्टनला होते. नातीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता. आमची बाजू अर्थात माझ्या गळ्यात पडली. जावयांच्या बाजूसाठी त्यांच्या आत्याने एक जुनी टाइप केलेली वही पाठवली. पहिल्याच पानावर नाव होतं जॉन हाउलंड, म्हणजे १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून प्लिमथला गेलेल्या १०२ प्रवाशांपैकी एक!

हा हाउलंड मला भारी आवडला. जॉन कार्व्हर नावाच्या बड्या गृहस्थाचा नोकर म्हणून निघालेला. भर वादळात डेकवर आला आणि थेट समुद्रात पडला. शिडाचा एक दोर पाण्यात लोंबत होता तो हाती लागला, आणि पाण्याखाली गेला तरी पठ्ठ्याने सोडला नाही. शेवटी लोकांनी ओढून घेतला. पुढे त्याला १० मुलं आणि ८८ नातवंडं झाली. रूझवेल्ट आणि बुश हे राष्ट्राध्यक्षसुद्धा त्याचेच वंशज. एका दोरावर केवढा गोतावळा लोंबत होता बघा!

त्याच्या मृत्यूचं साल १६७२/७३ असं लिहिलेलं. मला वाटलं टायपिंगची चूक. पण तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं (हे १७५२ पर्यंत चाललं), म्हणून जानेवारी-फेब्रुवारीला दोन साली. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय!

असो. खरी गंमत बायकोच्या नावात होती. वहीत लिहिलं होतं, 'गव्हर्नर कार्व्हर यांची नात'. हा कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर. जुने लोक खरंच तसं मानत. पण पुढचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास लिहून ठेवला होता. ते हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून नाहीसं झालं आणि १८५५ साली सापडलं कुठे, तर लंडनला, बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात! १८९७ साली ते मॅसॅच्युसेट्सला परत आलं. त्यात प्रवाशांची यादी आहे, कोण मेलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, सगळं. हाउलंडची बायको म्हणून त्यात जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ आहे.

ही एलिझाबेथ बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावची. १६०७ साली तिचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे जहाजात चढली तेव्हा तेरा वर्षांची. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक गेले. त्यात हिचे आई, वडील, काका, काकू, चौघंही. परक्या मुलखात एकटी पोर. वही बंद करून मी बराच वेळ खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसले.

आत्याबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हिरमुसल्या. "माझी आजी खोटं सांगत होती का?" म्हणाल्या. खोटं नव्हे हो, तिला जे छापलेलं मिळालं ते तिने जपलं. पण गव्हर्नरची नात असण्यापेक्षा ही पोर मला कितीतरी मोठी वाटते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. नातीने मात्र 'एलिझाबेथ टिली' असंच लिहिलं, आणि जावयांनी मान डोलावली.

मग ती माझ्या बाजूकडे वळली. माझ्या आजोळच्या फांदीवर पणजोबांचं नाव, गाव, गोत्र सगळं होतं. शेजारच्या चौकटीत 'पणजी'. बस्स. "हिचं नाव काय, आजी?"

चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरीचं गाव मला पाठ, आणि माझ्या आईच्या आजीचं नाव ठाऊक नाही! त्या रात्रीच पुण्याला मावशीला फोन लावला. तिचं वय ८७. माहेर वाईचं होतं एवढं तिला आठवलं. सासरचं नाव लक्ष्मी. "आणि माहेरचं?" विचारलं तर बराच वेळ गप्प राहिली.

"थांब गं," म्हणाली, "ओठांवर आहे अगदी. उद्या कर फोन."